न खेळणाऱ्यांचं टेबल

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालच्या जानेवारीतली. फुटबॉलचा विश्वचषक संपून महिना झाला होता. दोह्याच्या अल थुमामा भागातल्या चौकाचौकांत लावलेली देशोदेशींची निशाणं अजून कुणी उतरवली नव्हती. वाऱ्यानं त्यांच्या कडांचे धागे सुटले होते आणि जाता-येता ती लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच्या मांडवासारखी दिसत. संक्रांतीनंतरचा शुक्रवार होता. शोभा निजसुरे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून गवार मोडत होती आणि मधूनच हात पुसून फोनवरचं पान वर सरकवत होती. पान अमेरिकेतल्या एका लहानशा खासगी कॉलेजचं होतं. तिकडची संध्याकाळ इकडे दोह्यात सकाळी पोचायची, त्यामुळे लोक पेपर वाचतात तसं ती रोज ते पान वाचत असे. त्या दिवशी कुस्तीच्या संघाचा फोटो होता. जेवणाच्या हॉलमध्ये वीस-पंचवीस पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, आ वासून ओरडत होती. शोभा पुढे जाणारच होती. पण त्या खांद्यांच्या फटीतून मागे, उष्टी ताटं आत सरकवायच्या खिडकीपाशी, एक मुलगी उभी दिसली. शोभानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. करडा कोट, खांद्याला दप्तर, हातात वाडगा. चमचा तोंडात होता आणि डोळे भिंतीकडे. ती जिया होती. रुकैयाची जिया, शोभानंच त्या कॉलेजात पाठवलेली. आणि ती उभ्यानं जेवत होती.

"काय कोच, आज कोणाची विकेट?" नंदूनं चहाचा कप सिंकमध्ये ठेवता ठेवता विचारलं. शोभानं फोन पालथा घातला. गेली दोन वर्षं तो तिला असाच चिडवायचा आणि दोन वर्षं ती हसायची. आज तिला हसू आलं नाही, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. "आसावरीकडे हळदीकुंकू आहे चारला," ती म्हणाली, "ते खोकं गाडीत ठेवशील?" खोक्यात पाण्याच्या तीस बाटल्या होत्या. गडद तांबड्या, धावपटू तोंडाला लावतात तसल्या. कॉलेजनं पाठवलेल्या. यंदाचं वाण.

तिला कोच म्हणायला सुरुवात नंदूनं केली नव्हती, ती कॉलेजच्या हॉलिसनं केली. शोभानं सत्तावीस वर्षं दोह्यातल्या एका भारतीय शाळेत भूगोल शिकवला होता. साठाव्या वर्षी शाळेनं निरोपाचा शाल-नारळ हातात दिला, आणि दुसऱ्या सोमवारी सकाळी सहाला जाग आल्यावर आपण कुणालाच नको आहोत ही गोष्ट तिला जाणवली. नंदूला गॅसच्या प्रकल्पावर जायचं असे, तो पहाटे निघून जाई. घरात एसीचा आवाज आणि ती. अशात एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीनं हे काम आलं. कॉलेज लहान, चहूकडे मक्याची शेतं, सहाशे चाळीस मुलं, आणि त्यांतली पावणेपाचशे कुठल्या ना कुठल्या संघात. हॉलिस स्वतः पूर्वी कुस्ती शिकवायचा, आता प्रवेशाचं बघायचा. पहिल्याच बोलण्यात त्यानं तिला सगळं उघड सांगितलं होतं. आमच्याकडे मुलं शिकायला येत नाहीत, खेळायला येतात, आणि खेळता खेळता शिकतात. प्रत्येक कोचला आकडा ठरवून दिलेला आहे. कुस्तीनं पंचवीस आणायचे, पोहण्यानं अठरा, गळ टाकून मासे धरणाऱ्यांनी दहा. पण वर्ग भरायला तेवढे पुरत नाहीत. ज्यांना काहीच खेळता येत नाही ती पोरं माझ्यासाठी कोण आणणार? तू. तू त्यांची कोच. मग त्यानं तांबडं जाकीट पाठवलं, पाठीवर तिचं नाव आणि वर 'कोच'. शोभानं ते आरशासमोर एकदा अंगात घातलं, स्वतःशीच लाजली आणि कपाटात पैठणीच्या शेजारी ठेवून दिलं. पण दर सोमवारी संध्याकाळी पडद्यावर सगळे कोच जमायचे, आपापली पोरं किती झाली ते सांगायचे, आणि शेवटी हॉलिस म्हणायचा, "कोच शोभा?" तेव्हा तिच्या पाठीचा कणा आपोआप ताठ व्हायचा.

काम तिला जमलंही छान. बाकीचे कोच पोरांना फोन करत. शोभा आयांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसे. कांदा चिरून दे, पोळी लाटून दे, आणि बोलता बोलता मूल काय करत नाही ते काढून घे. पोहत नाही, वादविवादात नाही, ड्रमसुद्धा वाजवत नाही? मग छानच. ही खेळाच्या तासाला पाण्याच्या कूलरमागे उभी राहणारी पोरं तिला वर्गात पाऊल टाकताच ओळखू यायची. जियाही तसलीच. नकाशे मात्र सुंदर काढायची. किनाऱ्याच्या रेघेला इतकं हळू वळण द्यायची की शोभा तिच्या बाकाशी थांबून बघत राही. कॉलेजच्या अर्जात 'तुम्ही काय काय करता' यासाठी दहा रिकाम्या ओळी होत्या. जियानं पेन खाली ठेवलं होतं. "मॅम, आय डोन्ट डू एनीथिंग," आणि मग आईला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, मराठीत, "मी काहीच करत नाही." शोभा म्हणाली होती, "अगं, अशीच हवीयेत त्यांना." हे वाक्य तिला तेव्हा किती मायेचं वाटलं होतं. आज गवार मोडताना त्याच वाक्याला मासळीबाजाराचा वास येऊ लागला.

उभ्यानं जेवणं काय असतं हे तिला ठाऊक होतं. खरं म्हणजे ते तिला इतकं ठाऊक होतं की पंचेचाळीस वर्षं तिनं ते कुणालाही, नंदूलाही, सांगितलं नव्हतं. सत्त्याहत्तर साली ती देवगडहून कोल्हापूरच्या मुलींच्या वसतिगृहात आली. मेसमध्ये लांब लाकडी बाकं. एका बाकावर कराडच्या, एकावर इचलकरंजीच्या, एकावर सांगलीच्या. कुणी वाईट नव्हतं. कुणी हाकलत नव्हतं. फक्त ताट घेऊन उभं राहिलं की प्रत्येक बाकावर बरोबर एक दप्तर ठेवलेलं असे. ज्वारीची भाकरी तिला मोडता यायची नाही, आमटीनं घसा जळायचा, आणि ती खिडकीच्या कठड्यावर ताट टेकवून, बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघते आहे असं दाखवत, पाच मिनिटांत जेवण संपवायची. बाहेर एक हातपंप होता. तीन आठवडे तिनं तो हातपंप पाहिला. मग एक दिवस कबड्डीच्या संघातली मिरजेची एक दांडगी मुलगी हातातली भाकरी हलवत ओरडली, "ए देवगड! काय पंपाशी लगीन लावतीस काय? इकडं ये." आणि शेजारणीला कोपरानं ढकलून, "सरक गं." एवढंच. पुढे त्या मुलीचं नावसुद्धा शोभा विसरली. पण ती वीतभर जागा, बाकाचं ते उबदार लाकूड, अजून तिच्या मांड्यांना आठवत होतं. पुढच्या आयुष्यात जे काही बरं झालं, ते सगळं त्या वीतभर जागेवर बसून झालं असं तिला कधीकधी वाटे.

मग आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, कॉलेजनं तिला बघायला बोलावलं तेव्हा, तिनं ते पाहिलं कसं नाही? पाहिलं होतं. आज स्वतःशी तरी खोटं बोलायचं नाही असं ठरवल्यासारखं मन पुन्हा पुन्हा तिथंच जात होतं. एप्रिल असूनही इमारतींच्या सावलीत मळलेल्या बर्फाचे ढीग होते. जेवणाचा हॉल खरंच सुंदर होता, तिन्ही बाजूंना काचा, उजेडच उजेड. हॉलिस तिला टेबलं दाखवत होता. हे फुटबॉलचं, हे पोहण्याचं, ते व्हॉलीबॉलच्या मुलींचं. टेबलांवर पाट्या नव्हत्या, पण जाकिटांवरून कळत होतं. उष्ट्या ताटांच्या खिडकीपाशी, जिथं वाफेला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येत होता, तिथं एक टेबल होतं. आठ खुर्च्या, चार मुलं. दोघांच्या मध्ये एक खुर्ची रिकामी, प्रत्येकाच्या कानात काहीतरी खुपसलेलं. "आणि ते?" तिनं विचारलं. हॉलिस हसला. "ती तुझी माणसं, कोच." तिनं त्याच्याही आदल्या वर्षी पाठवलेला पोरगा, धवल, त्या टेबलावरही नव्हता. तो तिला वसतिगृहाच्या तळघरात सापडला, कपडे धुण्याच्या खोलीत. कागदी पेल्यात दूध आणि मक्याचे पोहे घेऊन तो सुकवणाऱ्या यंत्राला पाठ टेकून उभा होता. यंत्र गरगरत होतं, त्याची पाठ थरथरत होती. "इथं उबदार असतं, आंटी," तो म्हणाला, "आणि आवाज असतो. सायलेंट नाही वाटत." मग, तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, घाईघाईनं, "आय अ‍ॅम फाइन. प्लीज, मम्मीला नका सांगू." तिनं नाही सांगितलं. पोरानं विश्वासानं सांगितलेलं पोटात ठेवायचं असतं, असं तिनं स्वतःला समजावलं. परतीच्या विमानात तिच्या फोनमध्ये झाडांचे, घंटाघराचे, काचेच्या हॉलचे चाळीस फोटो होते. एकाही फोटोत माणूस नव्हतं.

आणि परत आल्यावर चौथ्या दिवशी ती दोह्यातल्याच नजमा भागात रुकैयाच्या घरी गेली होती. रमजान संपत आला होता. रुकैया आणि अश्फाक मूळचे रत्नागिरीकडचे; अश्फाक गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर, आणि घर म्हणजे एका कॅफेटेरियाच्या वरच्या दोन खोल्या. जिन्यात कायम उकळत्या करक चहाचा, वेलचीचा वास. प्रवेश पक्का करायला आठ दिवस उरले होते. इफ्तारीला जमिनीवर दस्तरखान अंथरलं होतं आणि मधोमध एकच मोठं थाळं. घावणे, कोंबडीचा रस्सा, कापलेलं कलिंगड. घरातली चार माणसं त्या थाळ्याभोवती गोल बसली, आणि शोभासाठी वेगळी ताटली काढलेली बघून जिया उठली, ती ताटली परत ठेवून आली आणि म्हणाली, "मॅम इज विथ अस." अश्फाकनं सगळं विचारून घेतलं. व्हिसा, हलाल मिळतं का, मशीद किती लांब, नोकरी लागते का. शोभानं सगळ्याची खरीखरी उत्तरं दिली. रुकैया मात्र घावण्याचे तुकडे करून धाकट्या मुलाच्या बाजूला सरकवत राहिली. शोभा निघाली तेव्हा जिन्याच्या तोंडाशी येऊन तिनं तिचा हात धरला. "ताई, मना बाकी काय कलत नाय. येकच सांगा. ती जेवंल कोनासंगती?"

खालच्या रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. शोभाला हे स्पष्ट आठवत होतं, कारण तो हॉर्न थांबेपर्यंत उत्तर द्यायला वेळ मिळाला होता. तेवढ्या वेळात ते यंत्र गरगरलं, पुठ्ठ्याचा वास आला, हातपंप दिसला. सोमवारच्या बैठकीत अजून एक मूल कमी आहे हेही आठवलं. मग तिनं रुकैयाच्या हातावर दुसरा हात ठेवला. "अगं, तिथं एकच मोठा हॉल आहे. सगळे एकत्रच जेवतात." शब्दन् शब्द खरा होता.

चार वाजता आसावरीच्या घरी बायका जमल्या. आसावरी पुण्याची, नवरा मोठ्या हुद्द्यावर, कंपाउंडमधला व्हिला. दिवाणखान्यात हलव्याचे दागिने काचेच्या बशीत मांडलेले, काळ्या साड्यांची सळसळ, अत्तर, आणि फराळाचा तळकट गोड वास. आसावरीची गार्गी बारावीत होती. विश्वचषकात तिनं स्टेडियमबाहेर स्वयंसेवक म्हणून महिनाभर हातात भला मोठा फोमचा पंजा घेऊन लोकांना मेट्रोची वाट दाखवली होती, आणि त्यानंतर काय करायचं ते तिला स्वतःला ठरवता येत नव्हतं. "आई, आय अ‍ॅम नॉट डूइंग एनी स्पोर्ट, ओके?" ती तिळगुळाचं ताट फिरवता फिरवता म्हणत होती. "नकोच करूस गं बाई," आसावरी म्हणाली, "शोभाताईंचं कॉलेज न खेळणाऱ्यांसाठीच आहे." वाण वाटायला सुरुवात झाली. बाटलीवर कॉलेजचं चिन्ह होतं, मान खाली घातलेला रानगवा. नाशिकच्या एका बाईनं ती उन्हाकडे धरून निरखली. "हा रेडा आहे का हो?" "अगंबाई, संक्रांतीला यमाचं वाहन वाण म्हणून!" दुसरी किंचाळली, आणि सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. "अहो, बायसन आहे तो," आसावरी सांगत होती, पण तिचं कोण ऐकतं. "आमच्या ह्यांना देते मी ही," तिसरी म्हणाली, "रोज ऑफिसला घेऊन जातील, रेडा त्यांना बरोब्बर शोभेल." शोभाही हसली. तिला स्वतःच्या हसण्याचा आवाज कूलरमधून यावा तसा लांबून आला.

रुकैया उशिरा आली. नजम्याहून बस बदलून यायचं म्हणजे वेळ होणारच. दर वर्षी ती यायची. हळदीकुंकवाऐवजी आसावरी तिच्या ओंजळीत फूल आणि तिळगूळ द्यायची, आणि त्यात कुणाला काही वाटायचं नाही. या वर्षी शोभानंच तिला मुद्दाम बोलावलं होतं. ज्या आईचं मूल तिकडे शिकायला गेलं आहे ती दोन शब्द बोलली की पुढचं काम होतं, हे कुठल्याही कोचला कळतं. सकाळी तो फोटो पाहिल्यावर तिला रुकैयाला 'येऊ नकोस' असं कळवायचं होतं. फोन तीनदा हातात घेतला होता. काय कारण सांगणार? आता रुकैया सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती, डोक्यावरची ओढणी सारखी करत, आणि आसावरी लाडानं म्हणत होती, "सांग ना गं रुकैया, कशी आहे जिया? रुळली का?" सगळ्या तिच्याकडे वळल्या. शोभानं खोक्यातल्या बाटल्या उगाच मोजायला घेतल्या. "रुळली," रुकैया म्हणाली. "बरी हाय. येकच मोठा हॉल हाय तिथं. सगली येकत्रच जेवतात."

आपलाच आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं काय असतं ते शोभाला त्या क्षणी कळलं. वाक्य जिन्यातून उतरलं होतं, समुद्र ओलांडून गेलं होतं, जियानं ते तिकडून आईला परत पाठवलं असणार, आणि आता ते हलव्याच्या बशीशेजारी येऊन बसलं होतं. "किती छान!" कुणीतरी म्हणालं. आसावरीनं गार्गीकडे बघितलं, आणि शोभाला ती नजर ओळखीची होती: नव्वद टक्के ठरलेलं. ती तिळगूळ आणण्याच्या निमित्तानं उठली आणि स्वयंपाकघरात गेली. सिंकशी उभी राहून तिनं नळ सोडला. मागून रुकैया रिकाम्या बश्या घेऊन आली.

"रुकैया," शोभा नळाकडेच बघत म्हणाली, "आज सकाळी मी एक फोटो पाहिला."

"मी बी पायला. अश्फाकनं दावला. त्याला तो पैलवानांचाच दिसला." रुकैयानं बश्या एकावर एक ठेवल्या. "मना फोटो कशाला पायजे, ताई? मना पयल्या म्हैन्यातच कललं."

"कसं?"

"आमी रातच्याला नवाला जेवाया बसतो. तवा तिची दुपार असते, तिच्या जेवनाचा टाइम. रोज बरोब्बर तवाच फोन करते. आमी फोन पान्याच्या जगला टेकवून दस्तरखानावर उभा करतो. आमी हितं जेवतो, ती तिथं जेवते. थाल्यातला तिच्या बाजूचा घास धाकटा उचलतो नि म्हनतो, हा दीदीचा. हसते ती." रुकैयानं नळ बंद केला, पाणी उगाच वाहत होतं. "जिला सोबतीला मानूस हाय ती पोरगी रोज जेवताना आईला फोन करंल काय, ताई? करंल येखादे दिवशी. रोज? नि सांजच्या जेवनाला हितं आमी निजलेलो. तवाचा तो फोटो."

बाहेर बायका उखाण्यावर आल्या होत्या. कुणीतरी नवऱ्याचं नाव घेताना अडखळलं आणि हशा पिकला. शोभाला बसायला हवं होतं, पण त्या स्वयंपाकघरात खुर्ची नव्हती. "मग तू बाहेर तसं का बोललीस?" तिनं विचारलं. विचारताना तिला वाटलं, आता ही चिडेल, शिव्या देईल, आणि ते बरं होईल.

"तुमचंच बोलले की. माझं काय त्यात?" रुकैया चिडली नव्हती. ती दाराकडे नजर टाकून जवळ आली. तिच्या ओढणीला बसमधल्या माणसांचा आणि वेलचीचा वास होता. "ताई, ती गार्गी चांगली पोरगी हाय. बोलकी हाय. ती ग्येली तर दोगी होतील. येकटीचं टेबल होत नाय, दोगींचं होतं." मग तिनं शोभाचा ओला हात धरला, जिन्यात धरला होता तसाच. "तुमी मानसं धाडता ना? मंग माझ्या पोरीसाठी येक धाडा. येकच."

शोभाला वाटलं, हॉलिसनंही इतकं उघड कधी मागितलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं. काय म्हणणार होती ते तिला नंतर कितीदा आठवून पाहिलं तरी सापडलं नाही, कारण तेवढ्यात दार ढकलून आसावरी आत आली. "काय खलबतं चाललीयेत दोघींची? तिकडे नाव घ्यायला बोलावतायत, चला चला, यल्ला यल्ला!" आणि मग, दार हळूच लोटून घेत, आवाज खाली आणून, "ताई, एक अगदी खरं सांगा. तुम्ही तिला लहानपणापासून बघताय. माझी एकुलती एक आहे हो. पाठवू?"

विचारणारी एक होती, उत्तर माहीत असलेल्या दोघी होत्या, आणि तिघींच्या मधल्या ओट्यावर तिळगुळाचं ताट होतं. रुकैयानं शोभाचा हात सोडला नव्हता. सोडलाही नाही आणि दाबलाही नाही; नुसता धरून ठेवला, बाकावर जागा धरून ठेवतात तसा. शोभाच्या डोळ्यांपुढे मिरजेच्या मुलीचं कोपर आलं. सरक गं. कुणाला तरी बसवायचं तर कुणाला तरी ढकलावं लागतं, हे तिला इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं.

"पाठव," ती म्हणाली. "जिया आहे तिथं."

गार्गी त्या ऑगस्टमध्ये गेली. पहिल्याच आठवड्यात तिनं फोटो पाठवला: उष्ट्या ताटांच्या खिडकीजवळचं टेबल, शेजारीशेजारी दोन ताटं, दोघींचे हसरे चेहरे. रुकैयानं अश्फाकच्या हाती शोभाकडे सांदणांचा डबा पाठवला, आणि शोभानं त्या दिवशी कित्येक महिन्यांनी पोटभर जेवण केलं. डबा धुऊन परत पाठवायच्या आधीच बातमी बदलली. गार्गी बोलकी होती, तिचं अक्षर चांगलं होतं, आणि लोकांना वाट दाखवायची तिला सवय होती. व्हॉलीबॉलच्या संघाला गुण मांडायला कुणीतरी हवं होतं. तिसऱ्या आठवड्यात तिला तांबडं जाकीट मिळालं आणि ती त्यांच्या टेबलावर बसू लागली. तिनं जियाला बोलावलं होतं, एकदा; जिया नको म्हणाली. दुसऱ्यांदा कुणी बोलावलं नाही. यात गार्गीचा दोष होता असं रुकैयासुद्धा कधी म्हणाली नाही. जियाचा रोजचा फोन मात्र त्यानंतर बंद झाला. जेवण झालं, एवढा निरोप लिहून यायचा.

दोन वर्षांनी कॉलेजच बंद पडलं. खेळणाऱ्या पोरांना इतर कॉलेजांच्या कोचांनी आठ दिवसांत उचललं. गार्गीलाही व्हॉलीबॉलच्या मुलींबरोबर जागा मिळाली, ती तिकडेच आहे आणि आसावरीला तिचं कौतुक आहे. न खेळणाऱ्यांना पर्यायांची एक यादी पाठवण्यात आली. हॉलिस कुठल्याशा शाळेत परत कुस्ती शिकवतो असं ऐकिवात आहे. धवलनं त्याआधीच कॉलेज सोडलं होतं. त्याचे आईवडील अबुधाबीला बदलून गेले आणि त्यांचा ठावठिकाणा शोभानं शोधला नाही. अश्फाक त्याच दुकानात, त्याच काउंटरवर आहे. जिया कॉलेज बंद व्हायची वाट बघत राहिली नाही. गार्गी गेली त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुटीला म्हणून घरी आली ती परत गेलीच नाही. आता दोह्यात एका कार्यालयात नकाशे आणि आराखडे काढते, लोक तिच्या कामाची तारीफ करतात. फक्त ती दस्तरखानावर बसत नाही. थाळं मांडलं की आपला वाडगा भरून घेते आणि ओट्याशी उभी राहून, खिडकीकडे तोंड करून, पाच मिनिटांत जेवण संपवते. रुकैयानं पुष्कळ केलं. समजावलं, रडली, एकदा हातातला वाडगा हिसकावून घेतला. "अम्मी, आय अ‍ॅम फाइन," एवढंच ती म्हणते.

जिया परत आली तेव्हाच शोभानं काम सोडलं. नंदू निवृत्त झाला, दोघं कोल्हापूरला येऊन राहिली, आणि वर्षभरात तो गेला. सकाळी कप सिंकमध्ये ठेवला आणि तिथंच खाली बसला. तांबडं जाकीट दोह्याहून आलंच नाही. तिनं ते कुणाला दिलं की टाकलं, हे तिनं कधी सांगितलं नाही. घरात आता ती आणि पंख्याचा आवाज. दर शुक्रवारी, दोह्यात दुपारची नमाज झाली की, रुकैया फोन करते. इकडे साडेतीन वाजलेले असतात, पण शुक्रवारी शोभा तोवर जेवत नाही. ताट वाढून बसते, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवते. पलीकडे जगला टेकवलेला फोन, थाळं, अश्फाक, आता मिसरूड फुटलेला धाकटा. आणि त्यांच्या मागे, ओट्याशी, पाठमोरी उभी असलेली जिया. रुकैया कधी कशाची आठवण काढत नाही. आजवर एकदाही नाही. फोन ठेवायच्या आधी मात्र न चुकता विचारते, "ताई, येकट्याच का जेवता तुमी?" आणि शोभा दर वेळी त्या पाठीकडे बघत म्हणते, "नाही गं. सगळे एकत्रच तर जेवलो."